‘बघते’ म्हणाली धाकटी

“वहिनी, मर्यादा खुशाल लावा,” सर्व्हरवाले भाऊजी म्हणाले होते, “पण आधी एकदा यादी काढून बघा. कोणाच्या पानावर कोण जातंय, कुठल्या घरातून जातंय, सगळं त्यात असतं. न बघता नळ आवळलात तर भलत्याच घरचं पाणी तुटेल.”

“हो, बघते,” धाकटी म्हणाली.

या ‘बघते’विषयी इथे दोन शब्द सांगायला हवेत. आपल्या भाषेत बघणं या क्रियापदाचा डोळ्यांशी फारसा संबंध उरलेला नाही. गळका नळ दाखवला की नवरा ‘बघतो’ म्हणतो आणि नळ पुढचे चार महिने गळत राहतो. कचेरीत अर्ज दिला की खिडकीमागचा माणूस ‘बघतो’ म्हणतो, म्हणजे अर्ज कुठल्या गठ्ठ्याखाली जाणार ते त्याला आधीच दिसलेलं असतं. धाकटीचं ‘बघते’ याच जातीचं होतं. सभ्य, हसतमुख, आणि समोरच्याला दाराबाहेर काढणारं.

भाऊजी हे तिच्या नवऱ्याचे कॉलेजातले मित्र. दुसऱ्या कुणाच्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर ते लोकांना वेबसाइटसाठी जागा देत. अशाच एका सर्व्हरवर घरातल्या तीन बायकांच्या तीन वेबसाइट शेजारी शेजारी राहत होत्या. तिघींना मिळून महिन्याला शंभर जीबी. भाऊजींनी हे समजावून सांगितलं होतं ते असं: इमारतीला टाकी एक, नळ तीन. कोणीही तुमचं पान उघडलं, चित्र बघितलं, व्हिडिओ चालवला की तेवढं पाणी गेलं. तुम्ही स्वतः फोटो चढवलात तरी गेलं. टाकी रिकामी झाली की एक तारखेपर्यंत तिघीही कोरड्या.

पहिली वेबसाइट आत्यांची. आत्या म्हणजे नवऱ्याची आत्या. सत्तावीस वर्षं वेधशाळेत पारा वाचण्याची नोकरी केलेली, एकटी राहणारी, आणि निवृत्तीनंतरही पाऱ्यावरची नजर न हटवलेली बाई. रोज सकाळी सातला त्या स्टुलावर चढून बाल्कनीतल्या तापमापकाचा फोटो काढत आणि आपल्या पानावर टाकत. पानावर शेवटचे सात फोटो असायचे. सगळे सारखेच. आत्यांच्या मते मात्र त्यातला कुठलाही एक दुसऱ्यासारखा नव्हता. सातचा फोटो दिसला की घरच्यांनी समजायचं, आत्या उठल्या, ठीक आहेत. आत्या फोन उचलत नसत, म्हणून ही सोय.

ही सोय काढली होती थोरलीने. आणि इथेच धाकटीच्या पोटात दुखायला सुरुवात होते.

थोरली म्हणजे तिची मोठी जाऊ. दुसरी वेबसाइट तिची. ती लोकरीचे प्राणी विणायची आणि पानावर ठेवायची. पान उघडलं की न विचारता एक व्हिडिओ सुरू व्हायचा: थोरलीची लांब, शांत बोटं हत्तीचा कान विणताहेत. खाली एक आकडा. ‘आतापर्यंत ४१,२०७ जणांनी भेट दिली.’ हा आकडा धाकटीला तोंडपाठ होता, कारण तो रोज बदलायचा आणि ती रोज पाठ करायची.

तिसरी वेबसाइट धाकटीची. लेक चौदा महिन्यांची, त्या चौदा महिन्यांत धाकटीने जे जे वाचलं, निरखलं आणि ज्याची धास्ती घेतली ते सगळं तिथे होतं. ‘रांगण्यापूर्वीची पूर्वतयारी, भाग चार.’ ‘शिंक: एक निरीक्षण.’ सोबत लेकीचे व्हिडिओ. पानाखालचा आकडा ३१२. त्यातल्या निम्म्या भेटी आपल्याच आहेत, अशी तिला शंका होती. म्हणून तिने तो आकडा पानाच्याच रंगात रंगवून टाकला होता.

गेल्या महिन्यात सत्तावीस तारखेला टाकी संपली. तिन्ही पानं बंद. आणि अठ्ठावीस तारखेला धाकटीचा ‘पहिला दात: आगमन आणि परिणाम’ हा लेख प्रसिद्ध व्हायचा होता.

“ताईंनी संपवलं सगळं,” ती नवऱ्याला म्हणाली. “एकेचाळीस हजार माणसं येऊन हत्तीचा कान बघतात, मग काय होणार?”

“खरंच वहिनीनेच संपवलं का?” नवरा वर्तमानपत्रामागून म्हणाला.

“मग काय तुझ्या आत्याच्या पाऱ्याने?”

नवरा ‘बघतो’ म्हणाला.

तर मर्यादा. प्रत्येक पानाला महिन्याचा वेगळा कोटा. ज्याने त्याने आपल्या नळाखाली आपली बादली लावायची. कल्पना न्यायाची होती, कोणीही मान्य करावी अशी, आणि धाकटीने तळमजल्यावरच्या हेडमास्तरांकडून ती मान्य करूनही घेतली. हेडमास्तर निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण जिन्यात उभं राहून ते अजूनही शाळा चालवत.

“समान वाटप,” हेडमास्तर म्हणाले. “मी खडूसुद्धा मोजून देत असे. वर्गाला तीन. चौथा मागितला की शिक्षकाला उभं करत असे.”

वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई उतरत होत्या. त्या थांबल्या. “कोणाचं काय उपटायचंय?”

“उपटायचं नाही हो. मर्यादा घालायचीय.”

“ते जास्त दुखतं,” बाई म्हणाल्या आणि गेल्या.

एक तारखेला लेक दुपारची झोपली तेव्हा धाकटी फॉर्म भरायला बसली. तीन ओळी, तीन चौकोन. तिने समान वाटपाचे तेहतीस-तेहतीस आकडे भरले. मग सहज, निव्वळ खात्री करायला, थोरलीचं पान उघडलं. ४१,९८०. हत्तीचा दुसरा कान सुरू झाला होता.

हेडमास्तरांचे तीन खडू तिथेच मोडले. थोरलीचे तेहतीस पुसून वीस झाले. स्वतःचे सत्तर, कारण दाताचा लेख मोठा होता. आत्यांच्या ओळीत किती टाकावं? एक फोटो टाकतात, त्यांना काय लागतंय. तिने जरा विचार करून तीनशे टाकले. जीबी नव्हे, एमबी. हजार एमबी म्हणजे एक जीबी, म्हणजे आत्यांना तिने बादली नव्हे, वाटी दिली होती. उरलेले सगळे तिने ‘अडीअडचणीसाठी’ राखून ठेवले. अडीअडचण कोणाची ते लिहायला फॉर्ममध्ये जागा नव्हती.

आत्यांचा एकेक फोटो चांगला बारा एमबीचा होता, हे तिला माहीत नव्हतं. पाऱ्याची रेघ नीट दिसावी म्हणून थोरलीने त्यांना भारी कॅमेरा घेऊन दिला होता. यादी बघितली असती तर कळलं असतं.

सहा तारखेला थोरलीचा फोन आला. ती प्रदर्शनासाठी परगावी गेली होती. (बाईची प्रदर्शनंही भरत होती.)

“अगं, कालपासून आत्यांचं पान उघडत नाहीये. ‘मासिक मर्यादा संपली आहे’ असं येतंय. तू काही केलंयस का?”

“शिस्त लावलीय थोडी,” धाकटी म्हणाली. “सगळ्यांनाच.”

“बरं केलंस. पण त्यांचं तेवढं उघडून टाक ना. आणि मी पंधरापर्यंत इथे अडकलेय. तू एकदा जाऊन येतेस का? दोन बस बदलाव्या लागतात, पण—”

“हो हो, बघते.”

फोन ठेवून धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. “कळलं ना? आत्यांचं नाव पुढे करायचं आणि स्वतःचा आकडा वाढवून घ्यायचा. आज आत्यांचं उघड, उद्या माझं उघड.”

“वहिनी तसं काही म्हणाली का?”

“म्हणाली नाही, हेच तर. फार हुशार आहे ती.”

जायचं तिच्या मनात नव्हतं असं नाही. सात तारखेला लेकीला शिंका आल्या. आठला शिंका थांबल्या, त्याची काळजी. नऊ तारखेला दुपारी तिने थोरलीचं पान उघडलं आणि तिथे हत्ती नव्हता. कान नव्हता. पांढऱ्या पानावर एकच ओळ: ‘या पानाची मासिक मर्यादा संपली आहे.’

कुणाच्या दुःखात आनंद मानू नये, हे धाकटीला शिकवलेलं होतं. ती मानत नव्हती. ती फक्त ते पान परत परत उघडून, संदेश अजून तसाच आहे ना याची काळजी घेत होती. त्या दिवशी तिने ही काळजी अकरा वेळा घेतली. मग एक फोटो काढून फोनात ठेवला, आठवण म्हणून.

“नवव्या दिवशी वीस संपवले,” तिने हेडमास्तरांना जिन्यात सांगितलं. “आता कळलं ना टाकी कोण उपसत होतं?”

“वर्गात एक असतोच,” हेडमास्तर म्हणाले.

चार दिवस धाकटीचं राज्य होतं. तिघींत उघडं पान एकटं तिचं. आणि तेरा तारखेला सकाळी तिने आपलं पान उघडलं तर: ‘या पानाची मासिक मर्यादा संपली आहे.’

आधी तिला वाटलं, चुकून थोरलीचंच उघडलं. मग वाटलं, यंत्र बिघडलं. आणि मग हळूहळू, गालांवर ऊब चढावी तसा, खरा अर्थ तिच्या ध्यानात आला. सत्तर जीबी. तेरा दिवसांत. थोरलीच्या साडेतीन पट.

“अरे, उठ,” तिने नवऱ्याला हलवलं. “गर्दी झालीय माझ्याकडे.”

“कसली?”

“माणसांची. दाताच्या लेखाला. शेवटी मजकुरात दम असला की लोक येतात. नुसते कान विणून किती दिवस चालणार?”

“पण आकडा तर ३१२ वरून ३१९ वर गेलाय,” नवरा डोळे चोळत म्हणाला. रंगात लपवलेला आकडा कसा वाचायचा हे त्याला कधीपासून ठाऊक होतं, हा एक वेगळाच विषय आहे आणि त्यावर त्या घरात नंतर बोलणं झालं.

“आकडे खोटं बोलतात,” धाकटी म्हणाली. नऊ तारखेपर्यंत तिचं मत वेगळं होतं.

दाराबाहेर वाचक ताटकळत असताना मालकिणीने थांबायचं नसतं. तिने भाऊजींना फोन लावला. राखीव दहा तिच्या पानाला द्या, ताबडतोब.

“महिन्याच्या मधे बदलायचं तर खातेदाराचं उत्तर लागतं,” भाऊजी म्हणाले. “खातं तुमच्या आत्यांच्या नावावर आहे. एक गुप्त प्रश्न असतो, त्याचं उत्तर भरायचं. माझ्या हातात नाही, वरून नियम आहे.” हे ‘वर’ म्हणजे कुठे, ते भाऊजींनाही माहीत नव्हतं. “तीन वेळा चुकलं तर कुलूप पडतं. आत्यांना विचारून घ्या.”

“बघते,” धाकटी म्हणाली आणि स्वतःच भरायला बसली.

प्रश्न होता: ‘आपलं सर्वांत आवडतं माणूस?’

आता हा प्रश्न कुठल्याही धाकट्या सुनेसमोर ठेवू नये. उत्तर सोपं होतं, पण ते कोणतं असू नये याचीच तिला जास्त चिंता होती. तिने लेकीचं लाडाचं नाव टाकलं. चूक. साहजिक होतं, खातं उघडलं तेव्हा लेक नव्हतीच. मग, आपलं कोणी बघत नाहीये ना याची खात्री करून, तिने ‘धाकटी’ टाकलं. चूक. लाल अक्षरात.

राहिली एक संधी. इथे शहाण्या बाईने थांबून आत्यांना विचारलं असतं. पण सत्य जाणून घेण्याची भूक वाचकांपेक्षा मोठी झाली होती. तिने ‘थोरली’ टाकलं आणि डोळे मिटले.

चूक. खातं बंद.

तिला इतकं हलकं वाटलं की कुलूप पडल्याचं दुःखच झालं नाही. ते संध्याकाळी झालं. आत्यांना फोन लावला. वाजत राहिला. आत्या उचलत नसतच, त्यामुळे त्यात काही विशेष नव्हतं.

चौदा तारखेला सकाळी लेकीला काखेत घेऊन, पिशवी खांद्याला मारून, दोन बस बदलून धाकटी निघाली. गुप्त उत्तर आणायला. रस्ताभर तिने लेकीला समजावलं, की आपल्या वाचकांसाठी आईला किती कष्ट पडतात. लेकीने वाटेत एक मोजा टाकून दिला.

तीन जिने चढून तिने घंटा वाजवली.

“ढकल,” आतून आवाज आला. “ओढूनच घेतलंय.”

दार ढकललं. आत्या बाहेरच्या खोलीत गादीवर, भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. डावा घोटा कलिंगडासारखा सुजला होता, भोवती ओला टॉवेल. हाताशी पाण्याचा तांब्या, बिस्किटांचा पुडा. समोर खुर्चीवर टेकवून ठेवलेल्या पडद्यावर पांढरं पान होतं.

“आत्या, हे काय?”

“परवा सकाळी स्टूल सरकलं,” आत्या म्हणाल्या. “बावीस पूर्णांक चार होतं. वाचलं आणि पडले. वाचायच्या आधी पडले असते तर त्या दिवशीची नोंद गेली असती.”

“परवा? म्हणजे दोन दिवस तुम्ही अशाच? कुणाला तरी हाक मारायची.”

“शेजारी कुलूप आहे. फोन कपाटावर, तिथे हात पोचत नाही. सरपटत जाऊन कडी तेवढी काढून ठेवली, येणाऱ्याला दार फोडावं लागू नये म्हणून.” आत्यांनी टॉवेल सारखा केला. “म्हटलं, सातचा फोटो दिसला नाही की कोणीतरी येईलच. मग आठवलं, की फोटो पाच तारखेपासूनच दिसत नाहीये. म्हणजे न दिसण्याची सगळ्यांना सवय झाली असणार.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पारा वाचावा तसं त्या वाचत होत्या. धाकटी खाली बसली आणि लेक तिच्या मांडीवरून उतरून सरळ आत्यांच्या सुजलेल्या पायाकडे निघाली. तिला उचलावं लागलं, त्यामुळे रडायला उशीर झाला.

पुढचे दोन तास धावपळीचे. नवऱ्याला फोन, नवरा गाडी घेऊन, दवाखाना, क्ष-किरण, घोट्याला बारीकशी चीर, प्लॅस्टर. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस गेले असते तर अवघड झालं असतं. ते ‘दोन दिवस’ धाकटीने मनातल्या मनात सहा तारखेपासून मोजून पाहिले आणि मोजणं सोडून दिलं.

दुपारी भाऊजी आत्यांच्या घरी आले. कुलूप उघडायचं होतं.

“प्रश्नाचं उत्तर काय दिलं होतंत, आत्या?” नवऱ्याने विचारलं.

धाकटी लेकीचं तोंड पुसत होती, ते ती पुसतच राहिली.

“आवडतं माणूस कोण, असं विचारलं होतं,” आत्या म्हणाल्या. “मी लिहिलं, ‘मी’. का? चुकलं का काही?”

नवरा हसायला लागला, भाऊजी हसले, प्लॅस्टर घातलेल्या आत्याही हसल्या. धाकटीला हसू आलं आणि त्याच श्वासात रडूही. इतके दिवस जिच्याशी तिची शर्यत चालली होती ती थोरली त्या शर्यतीत उतरलीच नव्हती, आणि पहिला नंबर तिसरीनेच स्वतःला देऊन टाकला होता.

“भाऊजी,” ती म्हणाली, “ती यादी काढा. मी बघते.” आणि या खेपेला तिने खरंच बघितली.

थोरलीच्या पानाचे वीस जीबी. त्यातले साडेबारा एकाच घरातून गेले होते. रोज दुपारी, लेक झोपण्याच्या वेळेला. घर धाकटीचं. हत्तीचे दोन्ही कान जगात सर्वांत जास्त वेळा तिनेच बघितले होते.

“कोण आहे हा एवढा चाहता?” नवऱ्याने पुढे वाकून विचारलं. धाकटीने पान उलटलं.

तिच्या स्वतःच्या पानाचे सत्तर. जवळजवळ सगळे एका घरातून. त्याच खोलीतून, जिथे ते बसले होते. गेल्या महिन्यातही तेच, म्हणजे टाकी कोणी उपसली होती तेही कळलं.

“सकाळी लावते, रात्रीपर्यंत चालूच असतं,” आत्या जरा ओशाळून म्हणाल्या. “ती रांगते ते संपलं की परत पहिल्यापासून. घरात हालचाल असली की बरं वाटतं. लेख वाचत नाही हं मी, लांब असतात. पण काल सकाळी ते पांढरं झालं, आणि मग कालचा दिवस फार मोठा गेला.”

तिसरी ओळ आत्यांच्या पानाची होती. रोज सात वाजून दहा मिनिटांनी एक भेट, थोरलीच्या घरातून. पाच तारखेला पान बंद झाल्यावर परगावाहून उघडायचा प्रयत्न एकोणीस वेळा, काल सकाळपर्यंत. त्याखाली धाकटीच्या घरचा रकाना होता. भाऊजींनी तो वाचला नाही. गरजही नव्हती, शून्य लांबूनही दिसतं.

तेवढ्यात थोरलीचा फोन आला. “अगं, गेलीस का गं आत्यांकडे?”

“गेले,” धाकटी म्हणाली. केव्हा गेले ते तिने त्या फोनवर सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी थोरली आली तेव्हा सांगितलं, सगळं, साडेबारा जीबीसकट. थोरली म्हणाली, “डावा कान जरा चुकलाय माझा. इतक्या वेळा बघितलास, सांगायचंस तरी.”

मर्यादा अजूनही आहेत. आत्यांना तीस जीबी. ‘शिंक’ हा लेख काढून तिथे लेकीचा नवा व्हिडिओ टाकलाय. चालते आता ती. थोरलीचा आकडा पंचेचाळीस हजारांवर गेलाय आणि धाकटीच्या पोटात अजूनही दुखतं, उगाच खोटं कशाला सांगा. पण सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आत्यांच्या पानावर आता दोन भेटी पडतात, आणि सात वाजून नऊ मिनिटांनी उघडून थोरलीच्या आधी पोचायचा धाकटीचा प्रयत्न चालू असतो.

हे सगळं इतक्या लांबण लावून सांगितलं ते एवढ्यासाठी. गेल्या महिनाभरात तुम्हीही कोणाच्या तरी बाबतीत ‘बघते’ किंवा ‘बघतो’ म्हणाला असाल. एकटं राहणारं, फोन न उचलणारं, ज्याचं न दिसणं आता तुमच्या अंगवळणी पडलंय असं कोणीतरी. नाव आठवलं असेल तर हे मिटून ठेवा आणि आजच जाऊन या. घंटा वाजवून वाट बघत बसू नका, दार ढकलून बघा. कदाचित ओढूनच घेतलेलं असेल.